टिळकांनी आधी का सांगितले नाही?

दिवाळी अंकातला लेख म्हणजे पाहुण्यांपुढे ठेवायचे फराळाचे ताट. त्यात अनारशांच्या शेजारी कारल्याची भाजी वाढू नये, एवढे व्यवहारज्ञान मलाही आहे. संपादकांनी तर या वेळी बजावूनच ठेवले होते, "सर, वर्षभर व्याकरणाचे आणि परीक्षांचे रडगाणे पुष्कळ झाले. दिवाळीला काहीतरी प्रेमाचे लिहा." प्रेमाचेच लिहितो आहे. मात्र ज्या प्रेमात उसनवारी, महत्त्वाकांक्षा आणि उशाखाली दडवलेली पत्रे येत नाहीत, ते प्रेम मला ठाऊक नाही. ज्यांना असेल त्यांनी हे पान उलटून पुढच्या पाककृतींकडे जावे.

गोष्ट श्रावणातली. आमच्या नगरला पाऊस येतो तो व्याह्यांसारखा. आला तर मान, न आला तर तक्रार करायची सोय नाही. (गावाचे नाव कागदोपत्री आता अहिल्यानगर झाले आहे, तोंडाला अजून नगरच येते, क्षमा असावी.) त्या दिवशी तो आला होता आणि अर्धा वर्ग रिकामा होता. द्वितीय वर्ष कला. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शिकवत होतो. माझा हा आवडता तास. पाठ इतके झाले आहे की कुठे हशा पिकणार आणि कुठे मुली वहीत डोके घालणार हे मला आधीच कळते.

नारायण वामन टिळक हे नाव वाचकांना नवे नाही. निसर्गावरच्या आणि फुलामुलांवरच्या त्यांच्या कविता शाळेत सर्वांनी पाठ केलेल्या असतात. 1861 साली कोकणात जन्मलेला हा मुलगा आईच्या मागे घर सोडून नाशिकला आला आणि स्वतःच्या हिमतीवर संस्कृत शिकला. 1880 साली त्याचे लग्न झाले. मुलगी जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, वय वर्षे अकरा-बारा. सासरी तिची लक्ष्मी झाली. लक्ष्मी नावाची बाई घरात आली, पण लक्ष्मी काही टिकली नाही. टिळक आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी कीर्तनकार, परवा आणखी कुठे. नोकरी धरायची, साहेबाशी बिनसायचे, की बिऱ्हाड पाठीवर. हातात पैसा आला की तो घरी पोचेपर्यंत वाटेत कोणी ना कोणी गरजू भेटायचाच. बाईंनी हे सगळे हसत हसत सांगितले आहे. वर्गातही हशा पिकतो. ज्या घरात संध्याकाळचे तांदूळ नाहीत त्या घरातला हा विनोद आहे, हे मुलांच्या लक्षात येत नाही. मीही ते फार ताणून सांगत नाही. हशा बरा वाटतो.

मग 1893 सालचा तो आगगाडीचा प्रसंग. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघालेले. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटतो, गप्पा होतात, तो त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवतो आणि सांगतो की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांच्या डोक्यात त्या वेळी स्वतःचाच एक नवा धर्म घोळत होता. सगळ्या माणसांचा, जातिभेद नसलेला. महत्त्वाकांक्षा पाहा! खिशात दमडी नाही आणि माणूस धर्म स्थापायला निघालेला. पण ते पुस्तक त्यांना सोडीना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरच्यांना कळला तो झाल्यावर. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा सव्वीस आणि मुलगा दत्तू चारही वर्षांचा नव्हता.

इथे मी नेहमी क्षणभर थांबतो. त्या दिवशीही थांबलो. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. राहुरीच्या बाजूच्या एका खेड्यातून ती रोज एस.टी.ने येते. एरवी तिचा आवाज हजेरीपुरताच ऐकू येतो.

"सर, टिळकांचे बाईंवर प्रेम होते असे तुम्ही म्हणालात ना? मग त्यांनी आधी का सांगितले नाही?"

मी माझे ठेवणीतले उत्तर काढले. काळ वेगळा होता, नातलगांनी डांबून ठेवले असते, थोरामोठ्यांच्या मनाचा ठाव आपल्यासारख्यांना लागत नाही, वगैरे.

"काळ वेगळा होता सर, पण बायको तर तीच होती ना?"

घंटा झाली. शिक्षकाच्या आयुष्यात घंटेसारखा मित्र नाही.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगण्यासाठी थोडा घरगुती मजकूर आवश्यक आहे. त्या दिवशी माझ्या पिशवीत 'स्मृतिचित्रे'च्या प्रतीत घडी घालून एक पत्र होते. गावातल्या एका पतपेढीचे. दोन हप्ते थकले आहेत, आठ दिवसांत न भरल्यास जामीनदारांना कळविण्यात येईल, असा मजकूर. मी पत्र कॉलेजच्या पत्त्यावर मागवत असे, त्याला कारण होते. कर्ज काढल्याचे घरात कोणाला ठाऊक नव्हते.

कर्ज 80,000 रुपयांचे. दारूसाठी नाही की जुगारासाठी नाही, पुस्तकासाठी. मी गेली अकरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो. ज्यांना हा शब्द माहीत नाही ते भाग्यवान. घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, सुटीचे मिळत नाहीत, आणि जे मिळतात तेही कधी चार-चार महिने मिळत नाहीत. कायम जागेची मुलाखत दोनदा हुकली. नावावर पुस्तक असले तर पारडे जड होते असे एका अनुभवी मित्राने सांगितले आणि मला ते पटले, कारण ते मला पटवून घ्यायचेच होते. खरे सांगायचे तर मुलाखत हे निमित्त. चाळिशी उलटली तरी पुठ्ठ्यावर आपले नाव छापलेले नाही, ही खंत मला दहा वर्षे कुरतडत होती. एका प्रकाशकाने 500 प्रती छापून देण्याचे मान्य केले. पैसे माझे, नाव त्यांचे. घरी सांगितले, प्रकाशकाने स्वखर्चाने काढले. सौ.ने त्या दिवशी श्रीखंड केले होते. ते मी कसे गिळले ते माझे मला माहीत.

त्या 500 प्रतींपैकी 60 भेट दिल्या, 28 विकल्या गेल्या. उरलेल्या 412 एका मित्राच्या खतांच्या गोदामात पोत्यांआड उभ्या आहेत. मराठी कवितेला युरियाचा वास येतो असे कोणी म्हणाले तर ते माझ्यापुरते अक्षरशः खरे आहे.

माझे आणि तिचे लग्न आम्हीच जमवलेले. पुण्याला एम.ए. करताना एका वर्गात होतो. ती माझ्यापेक्षा हुशार. हे मी विनयाने म्हणत नाही, गुणपत्रिका साक्षीला आहेत. पुढे शिकायचे दोघांनी ठरवले होते. एकाने आधी, मग दुसऱ्याने. आधी कोणी हे चर्चा न होताच ठरले. मग मुलगी झाली, मग नगर झाले, मग तिने घरी शिकवण्या सुरू केल्या, आणि 'मग दुसऱ्याने' यातले 'मग' अजून उगवायचे आहे. वर्गात मी जी 'स्मृतिचित्रे'ची प्रत घेऊन जातो ती तिची आहे. समासातल्या पेन्सिलीच्या टिपा तिच्या आहेत. ज्या टिपांवर मी माझा आवडता तास रंगवतो त्या मी केलेल्याच नाहीत!

त्या रात्री मुलगी झोपल्यावर मी सांगून टाकले. धैर्य आले म्हणून नव्हे, आठ दिवसांची मुदत होती म्हणून. ती शिकवणीच्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मला संक्रांतीपासून ठाऊक आहे."

जामीनदार म्हणून मी माझ्या ज्या स्नेह्याला सही करायला लावली होती, त्याच्या घरी हळदीकुंकवाला ती गेली होती. वाणात स्टीलची वाटी आणि ही बातमी मिळाली.

"मग इतके महिने बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

मी सारवासारव करू लागलो. म्हणालो, तू भिशीचे पैसे मुलीच्या अकरावीसाठी जपत होतीस, तुला काळजी नको म्हणून बोललो नाही. पुरुषाला 'तुझ्यासाठीच' हा शब्द किती चटकन सुचतो! तिने पेन खाली ठेवले.

"लक्ष्मीबाई परत आल्या, हे तुम्ही वर्गात रंगवून सांगता. येण्याआधीची चार-पाच वर्षे शिकवता का कधी?"

नव्हतो शिकवत. परीक्षेला प्रश्न पुनर्मीलनावर येतो.

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या घरात संभाषण मुलीच्या मार्फत चालले. "बाबांना सांग, आमटी झाकून ठेवली आहे." याच दिवसांत मी ती चार-पाच वर्षे पुन्हा वाचली. समासातल्या टिपांसकट.

नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे तेव्हाच्या ब्राह्मण घरात काय झाले हे आज नीट कल्पनेत येत नाही. माणूस जिवंत, कुंकू कपाळावर, आणि संसार संपलेला. जिच्या माहेरी वडिलांचे सोवळे साऱ्या घरादाराला जाच होण्याइतके कडक होते, तिच्या वाट्याला हे आले. बाई कधी जलालपूरला, कधी नाशिकला, कधी पंढरपूरला, बहिणीच्या आणि नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. आश्रित म्हटले की दुसऱ्याच्या चुलीपुढे वावरणे आले आणि दत्तूला कोणी काय बोलेल ही धास्ती आली. टिळक इकडे आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये. हे मिशन इथले जुने. 'ज्ञानोदय' हे त्यांचे पत्र 1842 साली नगरलाच सुरू झाले, आणि पुढे 1912 पासून अखेरपर्यंत त्याचा मराठी भाग टिळकच पाहत होते. नगरला त्यांना काम मिळाले, मान मिळाला, कवितेला नवे क्षेत्र मिळाले. कीर्तन आणि अभंग यांना त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणून बसवले. म्हणजे ज्या वर्षांत नवऱ्याची महत्त्वाकांक्षा फळाला येत होती, त्याच वर्षांत बायको परक्या माजघरात दिवस मोजत होती. हे दोन रकाने शेजारी शेजारी मांडून मी कधी शिकवले नव्हते.

टिळकांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. धर्मांतर केलेल्या माणसाला त्याची पूर्वधर्मातली बायको नांदायला आली नाही, तर विवाह मोडून घेण्याची सोय 1866 च्या कायद्याने करून ठेवली होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. दुसरे लग्न केले नाही. थांबले. तेही चांगले रागीट आणि उतावळ्या स्वभावाचे गृहस्थ, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या थांबण्याची किंमत कळते.

आणि बाई आल्या त्या कशा आल्या? इथे मात्र मी मुलांना आजवर चुकीचे चित्र देत आलो होतो. जणू काही पदर सावरून, डोळे पुसून आल्या आणि सर्व विसरल्या. तसे काही नाही. त्या नगरला आल्या तेव्हा आपले सोवळे बरोबर घेऊन आल्या. चूल वेगळी, पाणी वेगळे. नवऱ्याजवळ आल्या, पण नवऱ्याच्या धर्मात आल्या नाहीत. आणि टिळकांनीही त्यांना ओढले नाही. एकदा न विचारता केल्याची शिक्षा म्हणा किंवा शहाणपण म्हणा, या खेपेला त्यांनी बाईंना त्यांच्या गतीने चालू दिले. पुढे राहुरीच्या मुक्कामात बाईंचे बाईंनाच वाटू लागले की जाती माणसानेच केल्या आहेत, देवाने नव्हेत. विचार सुटला तसा विटाळही सुटला. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून गेल्या असे म्हणणे सोपे आहे. माझ्या मते त्या आपल्या पायांनी, आपल्या वाटेने गेल्या. पोचल्या त्याच ठिकाणी. या जागी समासात पेन्सिलीने एक उभी रेघ आहे आणि पुढे फक्त 'स्वतः' एवढाच शब्द. वीस वर्षांपूर्वीचे अक्षर.

यापुढे त्यांचा संसार सुखाचा झाला असे लिहिले म्हणजे गोष्ट संपते. सुखाचा झालाही. पण पैशाचे रडगाणे संपले नाही. त्या दुष्काळाच्या आणि प्लेगच्या काळात घरात अनाथ मुले येत राहिली आणि टिळक कोणाला नाही म्हणेनात. पगार एक आणि ताटे किती त्याचा हिशेब बाईंनी ठेवायचा. बालकवी ठोमरेही या घरात राहून गेले. बाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखे सांभाळले. मराठी कवितेवर नगरच्या या स्वयंपाकघराचे किती ऋण आहे ते कोणत्याही वाङ्मयेतिहासात नोंदलेले नाही. मग 1917 साली टिळकांनी मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. वय पंचावन्न. पुन्हा तेच. मोठे स्वप्न त्यांचे, रिकामा डबा बाईंचा. 9 मे 1919 रोजी टिळक गेले.

त्यानंतरची बाईंची कामगिरी मला नेहमी चकित करते. टिळकांनी 1909 साली 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतले होते. दहा अध्याय पुरे आणि अकरावा अर्धवट, एवढ्यावर लेखणी थांबली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून घरीच अक्षरे शिकलेल्या या बाईने पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. दहा आणि चौसष्ट! शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्ताने लिहून 1938 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. बाई 1936 सालीच गेल्या होत्या. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 साली निघाला तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे होत्या. त्याचे इंग्रजी भाषांतर 1950 साली झाले आणि 2017 साली शांता गोखल्यांनी पुन्हा नव्याने केले. टिळकांना आज लोक वाचतात ते बऱ्याच अंशी बाईंच्या पुस्तकातून. हा हिशेब टिळकांनी कधी स्वप्नातही धरला नसेल.

असो. गौरींना सौ. माहेरी गेली. माहेर राहुरीचे. जाताना किती दिवस ते सांगितले नाही आणि मी विचारले नाही. विसर्जनानंतर दोन दिवसांनी मी एस.टी. धरली. नगर ते राहुरी चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर. पण शिर्डीच्या वाहनांच्या गर्दीत दोन तास गेले. एवढ्या वेळात मी चार निरनिराळी भाषणे तयार केली. तिथे पोचल्यावर सासूबाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "जावईबापू, वाळलात." चारही भाषणे विसरलो.

संध्याकाळी आम्ही दोघे मळ्याच्या वाटेने चालत गेलो. बराच वेळ ऊस आणि विजेची तार याविषयी बोललो. मग तिने विचारले, "एवढे 80,000 काढलेत, तर दीड लाख काढून माझे पीएच.डी.चे नाव का नोंदवावेसे वाटले नाही?"

खरे उत्तर असे होते की ते मला सुचलेच नाही. तेच सांगितले. ती हसली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "हे खरे बोललात."

मला त्या वेळी तिसऱ्या बाकावरची मुलगी आठवली. टिळकांनी आधी का सांगितले नाही? नातलग आडवे आले असते हे खरेच आहे. पण मला माझ्यावरून असे वाटते की टिळकांना नातलगांची भीती नव्हती. जो माणूस साऱ्या जातीशी वैर पत्करतो तो चुलत्या-मामांना काय भितो? भीती एकाच चेहऱ्याची असणार. सांगितले असते आणि ती 'नाही' म्हणाली असती, तर तिचे 'नाही' ओलांडून जावे लागले असते. न सांगता गेले की निदान ते 'नाही' ऐकू येत नाही. मोठ्या माणसाला माझ्या मापाने मोजण्याचा हा उद्धटपणा आहे हे मी जाणतो. टिळक सत्यासाठी गेले, मी पुठ्ठ्यासाठी गेलो. दोन्ही एका तराजूत घालण्याइतका मी खुळा नाही. पण घरात शिरताना चपला काढण्याची जी पद्धत असते, ती दोघांची सारखीच, आवाज न करता.

पुढच्या सोमवारी वर्गात त्या मुलीला मी हे सांगितले, माझे नाव वगळून. ती म्हणाली, "सर, असे उत्तर लिहिले तर गुण मिळतील?" मी म्हणालो, "पाचपैकी अडीच."

आता सद्यःस्थिती. हप्ता महिना 3,800 रुपयांचा. सहा राहिले आहेत. थकलेले दोन भरले, त्यासाठी माझी मोटारसायकल विकली. कॉलेजला चालत जातो, प्रकृतीला चांगले. गोदामातल्या 412 प्रती घरी आणून दिवाणखाली रचल्या आहेत. येणारे-जाणारे विचारतात, मी खरे सांगतो. सौ.ने पेटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने खूण करून ठेवली आहे. विषय काय घेणार ते ती मला सांगत नाही; तिचे म्हणणे, आता तिची पाळी आहे. सहा महिन्यांनी सांगेन म्हणते. या दिवाळीला घरात करंज्या आणि शेव एवढेच, आणि मुलीची त्याबद्दल तक्रार आहे.

हा लेख मी छापण्याआधी तिला वाचायला दिला. न विचारता छापणार नव्हतो, एवढे तरी शिकलो. तिने दोन ठिकाणी दुरुस्ती केली. एक, श्रीखंड नव्हते, बासुंदी होती. ती मी मुद्दाम तशीच ठेवली आहे, म्हणजे माझी स्मरणशक्ती कशी चालते ते वाचकांनाही कळेल. दुसरी दुरुस्ती संपादकांसाठी आहे. या लेखाचे मानधन कृपया सौ.च्या नावे काढावे. खाते क्रमांक तिने पाकिटावर स्वतःच्या अक्षरात लिहिला आहे.